शांतम्माचं प्राग

पूर्णेच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, गुरुसिद्धप्पांची आडत आहे. शेतकऱ्याचा माल लावायचा, व्यापाऱ्याला दाखवायचा आणि भाव ठरेपर्यंत दोघांच्या मधे बसायचं, हे काम त्यांच्याकडे वडिलांपासून आलं. मधे बसणाऱ्याला दोन्हीकडचं कळतं. शेतकरी किती अडला आहे आणि व्यापारी कुठपर्यंत चढेल, हे ते चेहऱ्यावरून सांगत. घरातल्या माणसांचंही आपल्याला कळतं, असं ते साठीपर्यंत धरून चालले होते. मग त्यांची बायको प्रागला जाऊन आली.

ती काही हौसेनं गेली नव्हती. मुलगी अनुपमा आणि जावई शिवकांत नोकरीसाठी तिकडे राहतात. अनुपमाचे दिवस भरत आले तेव्हा आई हवी होती, वडील नको होते, यात कुणाला वावगं वाटलं नाही. गुरुसिद्धप्पांनाही नाही. तुरीचा हंगाम होता. त्यांनी शांतम्माला हैदराबादच्या विमानतळापर्यंत पोचवलं. पालमच्या माहेरापलीकडे एकटीनं प्रवास न केलेली बाई. तिला त्यांनी आत सोडताना बजावलं, "कुणाशी बोलू नको. काय कळलं न्हाई तर गुमान एका जागी बसून ऱ्हा."

तीन महिन्यांनी ती परत आली तेव्हा ते त्याच दारात उभे होते. ती सामानाची गाडी ढकलत आली, सोबतच्या कुठल्याशा बाईशी बोलत. त्या बाईचा निरोप घेतला, मग यांना बघितलं. म्हणाली, "चला. त्या तिकडून बाहेर जायचं हाय." आणि पुढे चालू लागली. ती पुढे आणि ते मागे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिची पाठ त्यांनी इतका वेळ कधी बघितली नव्हती.

त्या दिवशी मनात जे शिरलं त्याला काय म्हणावं हे त्यांना बरेच दिवस कळलं नाही. आधी थकवा वाटला. मग बीपी वाटलं. मोंढ्यातल्या एखाद्या आडत्यानं आपलं जुनं गिऱ्हाईक फोडलं की छातीत जसं बारीक काही तरी जळतं, तसंच हे होतं. फक्त इथे गिऱ्हाईक फोडणारा माणूस नव्हता. एक शहर होतं.

शांतम्मा मुद्दाम सांगत बसत नसे. ते जास्त वाईट होतं. फुशारकी मारली असती तर चिडवता आलं असतं. ती भाकरी थापता थापता म्हणायची, "तिथल्या रस्त्याला दगड हायत, मुठीएवढे. पाऊस पडला की मासोळीवानी चमकतेत." इतकंच बोलायची आणि पुन्हा भाकरीकडे वळायची. कधी सकाळच्या पूजेत, इष्टलिंग तळहातावर घेऊन, बेलाचं पान ठेवता ठेवता तिची नजर खिडकीकडे जायची. प्रागला ती खिडकीत बसून पूजा करायची, बाहेर बर्फ पडायचं, असं तिनं एकदा सांगितलं होतं. शेजारच्या पाटावर त्यांचीही पूजा चालू असायची. त्यांना पूर्णेची खिडकी दिसायची, समोरच्या घराची पाण्याची टाकी दिसायची. तिला काय दिसतंय ते दिसायचं नाही.

गल्लीतल्या बायका तिच्याकडे येऊन बसू लागल्या. तेही चाललं असतं. पण मोंढ्यातही लोक विचारू लागले. बन्सीधर, शेजारच्या दुकानाचा, रिकाम्या पोत्यांचा बारदाना विकतो, जिभेला हाड नाही. तो म्हणायचा, "अप्पा, काकूला इचारा बरं, तिकडं तुरीची डाळ मिळती का?" मग हा प्रश्न घरी न्यायचा आणि उत्तर घेऊन परत यायचं. गुरुसिद्धप्पांना वाटायचं, आपण हमालासारखे तिचं बोलणं वाहतोय.

वर्ष उलटलं, पुन्हा पेरण्या झाल्या, मोंढा सुना पडला आणि अनुपमाचा फोन आला. सप्टेंबरात या. दोघंही या. हवा चांगली असते, बाळ चालायला लागलंय, तिकिटं आम्ही काढतो. "अप्पा, या बारीला तुमी पण. रविवारपर्यंत सांगा, मग तिकिटं महाग होतात."

शांतम्मा काही बोलली नाही. ती त्यांच्याकडे बघत होती. ते म्हणाले, "बघतो. विचार करावा लागंल."

विचार त्यांनी दुकानात, बन्सीधरच्या देखत केला. मोंढ्यात काम नसलं की माणसं दुसऱ्याच्या घरचे निर्णय मन लावून घेतात.

"दुकान कोण बघंल?" गुरुसिद्धप्पा म्हणाले.

"सप्टेंबरात दुकानात हाय काय बघायला? उंदरं? ती मी बघतो."

"खायचं काय? पावाशिवाय काय मिळत न्हाई म्हणं."

"पोरगी भाकर करती की. काकू काय उपाशी होत्या का? उलट अंग धरून आल्या."

"इमानात इतका वेळ बसायचं. आंघोळ न्हाई, पूजा न्हाई. पूजेबिगर मी पाणी घेत न्हाई."

"काकूंनी काय केलं मग?"

या प्रश्नाचं उत्तर त्यांना माहीत होतं. मधल्या विमानतळावर तिनं नळावर हातपाय धुतले, एका कोपऱ्यात रुमाल अंथरला आणि पूजा केली. कुणी बघितलंसुद्धा नाही, असं ती म्हणाली होती. ते बन्सीधरला सांगितलं तर आणखी एक कारण हातचं जाणार होतं.

"आन जायचं म्हणलं तर काय काय हाय तिथं?" बन्सीधरनं दुसरी बाजू उघडली.

"हाय की. नातू हाय. नदीवर जुना दगडी पूल हाय, दोन्ही अंगाला मूर्त्या. टेकडीवर राजवाडा हाय. एक घड्याळ हाय, तास पडला की त्याच्या खिडकीतून बाहुल्या फिरतेत." हे सगळं शांतम्माकडून आलेलं होतं आणि बोलताना ते त्यांना उसन्या सदऱ्यासारखं टोचत होतं.

"मग जावा की. काय फिकीर करायलेत? काकू दाखवतील सगळं."

बन्सीधर सहज बोलला. पण बाकीची कारणं भुसा होती आणि हा एकच दाणा होता. काकू दाखवतील. सप्टेंबरातल्या त्या थंड उजेडात ती पुढे चालेल. इकडून वळा म्हणेल. ट्रामचं तिकीट ती काढेल. ते तिच्या मागे, पिशवी धरून. ज्या शहरात आपल्याला आपल्या बायकोला विचारून रस्ता ओलांडावा लागेल, अशा शहरात जावं की नाही, एवढाच खरा प्रश्न होता आणि तो बन्सीधरसमोर मांडता येत नव्हता.

मग त्यांनी एक उपाय काढला. तिनं दाखवायच्या आधीच शहर आपलं करायचं.

दुपारी दुकानात कुणी नसायचं. गादीवर बसून ते फोनवर प्रागचा नकाशा उघडायचे. त्यात रस्त्यांचे फोटोही आहेत, बोटानं पुढे सरकत गेलं की आपण चालतोय असं वाटतं. ते पुलावरून गेले, परत आले. राजवाड्याच्या चढावर गेले. अनुपमाची गल्ली त्यांना तोंडपाठ झाली. कोपऱ्यावरची बेकरी, औषधांचं दुकान, ट्रामचा थांबा. रात्री जेवताना ते बायकोची परीक्षा घेऊ लागले.

"त्या पुलाला किती वर्षं झाली, माहीत हाय का?"

"न्हाई."

"साडेसहाशे."

"असतील. मी काय इचारलं न्हाई. मी आपली चालले त्याच्यावरून."

ते चिडले. त्यांना सगळं माहीत होतं आणि ती नुसती चालली होती. यात जिंकलं कोण, हे मोंढ्यातल्या माणसाला न कळण्यासारखं नव्हतं.

आणि एका दुपारी, अनुपमाच्या घरामागच्या बागेच्या कडेनं फोनमधून चालत असताना, त्यांना शांतम्मा दिसली.

चेहरा पुसट केलेला होता, नकाशावाले सगळ्यांचेच करतात. पण जांभळी इरकल साडी, तिच्यावर अनुपमाचा करड्या रंगाचा कोट आणि बसण्याची ती तऱ्हा: एक पाय बुटातून काढून दुसऱ्या पायावर ठेवलेला. ती बाकड्यावर होती. शेजारी बाळाची गाडी. झाडांना पांढरा मोहोर आलेला. फोटोखाली महिना-साल लिहिलेलं होतं, ती तिथे होती तेच. बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारा गोरा माणूस टोपी मांडीवर ठेवून बसला होता. त्याचाही चेहरा पुसट, पण मान तिच्याकडे वळलेली. आणि शांतम्माचा उजवा हात हवेत होता. बोटं पसरलेली. ती काहीतरी सांगत होती.

गुरुसिद्धप्पा बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिले. घरात बोलताना तिचा हात कधी कमरेच्या वर येत नाही. आला तर पदर सारखा करायला.

त्यांनी दुकान बंद केलं आणि घरी आले. शांतम्मा ओट्यापाशी होती. त्यांनी फोन तिच्यासमोर धरला.

"हे कोण?"

तिनं हात पुसले, चष्मा लावला. "अगं बाई. मीच की." मग हसली. "आन हे दादा."

"कोण दादा?"

"समोरच्या इमारतीत ऱ्हातेत. नाव कायतरी लांबलचक हाय, मला यायचं न्हाई. मी दादा म्हणायची. रोज यायचे बाकड्यावर. बायको वारली त्यांची."

"ते तुला कसं कळलं? त्यांची भाषा येती का तुला?"

"फोटो दाखवला बायकोचा. मग हात असा केला." तिनं तळहात उघडून दाखवला, रिकामा.

"आन तू? तू काय बोलायलीस इथं?"

"मी आपलं मराठीत बोलायची."

"त्याला समजायचं?"

"एक शब्द न्हाई." हे सांगताना तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "पण ऐकायचे लय. मान हालवायचे."

"काय सांगायचीस?"

"येईल ते. पालमचं. माझ्या आईचं. सासूबाईंचं. तुमचं बी."

"माझं काय?"

"आता काय आठवतंय? बोलले आन सुटलं."

ती पुन्हा ओट्याकडे वळली. विषय तिच्यासाठी संपला होता. त्यांच्यासाठी तिथे सुरू झाला. ज्या माणसाला मराठीचा एक शब्द कळत नाही त्याच्यापाशी आपल्या संसाराचं सगळं पडून आहे. तो ते कुणाला सांगू शकत नाही. तो ते परतही देऊ शकत नाही. आणि त्यात आपलं काय आहे, हे विचारायला जगात कुणी नाही. मत्सर माणसाचा करता येतो, त्याला तोंड असतं. हा तर पुसट केलेल्या चेहऱ्याचा मत्सर होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते मुद्दाम घरी थांबले. ती तांदूळ निवडत होती. ते समोर बसले.

"सांग की कायतरी."

"काय सांगू?"

"कायबी. त्याला सांगायचीस तसं."

तिला हसू आलं. "उगं का बेजार करायलेत. भाजी कोणती करू, सांगा."

"भाजी ऱ्हाऊ दे. पालमचं सांग."

तिनं निवडलेले तांदूळ एका बाजूला केले. मग खरंच बोलू लागली. "आमच्या घरामागं विहीर होती. आमी पोरी तिच्या पायऱ्यावर बसायचो. एकदा माझी परकराची नाडी..."

"विहीर न्हाई ती," गुरुसिद्धप्पा म्हणाले. "बारव हाय. पायऱ्याची असती ती बारव."

शांतम्मा थांबली. तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला.

"पुढं?" ते म्हणाले.

"पुढं काय न्हाई."

"बरं, चुकलं माझं. मला काय समजत न्हाई, असं समज. सांग."

"तुमाला लगेच समजतंय," ती म्हणाली. रागानं नाही, कुणी चव सांगावी तसं. "तीच तर आडचण हाय."

तेव्हाच त्यांचा निर्णय झाला. जायचं. नातवासाठी नाही, पुलासाठी नाही. त्या बाकड्यावर, त्या दोघांच्या मधे जाऊन बसायचं. तो म्हातारा मान कशी हलवतो ते बघायचं. तिच्या मागे चालावं लागलं तरी चालेल. तिथपर्यंत तीच नेईल.

ती जायला उत्सुक आहे हे त्यांना माहीत होतं. आपण येतो म्हटल्यावर तिला बरं वाटेल, हेही त्यांनी गृहीत धरलं. पण त्यांना ते तिच्याकडून ऐकायचं होतं. तोंडानं ती काही म्हणणार नाही, तुमी ठरवा एवढंच म्हणेल, म्हणून त्यांनी एक जुनी गोष्ट काढली.

पूर्वी मोंढ्यात भाव उघड बोलत नसत. दोघं समोरासमोर बसत, हात जुळवत, हातांवर रुमाल टाकत आणि रुमालाखाली बोटं धरून आकडा सांगत. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन. भोवतालच्यांना काही कळायचं नाही. आता लिलाव मोठ्यानं होतो. शांतम्मा पालमच्या आडत्याची मुलगी, तिला बोटांची भाषा माहेरापासून येत होती. लग्नानंतरच्या दिवसांत, घर माणसांनी भरलेलं असताना, सासूसासऱ्यांच्या देखत दोघं असंच बोलत. ताट वाढताना रुमालाखाली एक क्षण. मग मुलगी झाली, सासूसासरे गेले, घर मोकळं झालं आणि लपवायची गरज उरली नाही. बोलायचीही फारशी उरली नाही. पण रुमालाचा नियम दोघांना माहीत होता. खाली जे ठरलं ते फिरवायचं नाही आणि वर बोलून दाखवायचं नाही.

रविवारी सकाळी पूजा आटोपल्यावर ते तिच्याजवळ बसले. उजवा हात पुढे केला, त्यावर रुमाल टाकला.

"तिकिटं किती सांगू?"

तिला आधी कळलं नाही. मग ती लाजली, या वयात. "काय पोरखेळ."

"सांग तर."

तिनं पदराला हात पुसला आणि रुमालाखाली घातला. हात गार होता. तिनं त्यांचं पहिलं बोट धरलं. मुळापासून, पूर्ण मुठीत धरलं. ते दुसऱ्या बोटाची वाट बघत होते. तिची मूठ तशीच राहिली. त्यांना वाटलं, इतक्या वर्षांनी विसरली असेल. त्यांनी मधलं बोट जरा पुढे केलं.

तिनं ते अंगठ्यानं हळूच मिटवलं आणि परत त्यांच्या तळहातात ठेवलं.

मोंढ्यातला पहिला धडा त्यांच्या वडिलांनी त्यांना दिला होता: समोरच्याचा आकडा आधी ओळखल्याशिवाय रुमाल टाकायचा नाही. सगळ्या आयुष्यात तो त्यांनी कधी मोडला नव्हता. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. ती खाली बघत होती. चेहऱ्यावर भाव नव्हता. चांगल्या आडत्याच्या मुलीचा चेहरा होता.

तिनं हात काढून घेतला. रुमालाची घडी घालून त्यांच्या गुडघ्यावर ठेवली आणि चहा टाकायला उठली.

अनुपमाचा फोन दुपारी आला. पडद्यावर आधी नातवाचं कपाळ दिसलं, मग ती.

"अप्पा, ठरलं का?"

"हो. आईचं तिकीट काढ. मी न्हाई येत."

"कामून? आई म्हणत होती, तुमी सगळा नकाशा पाठ केलाय."

"दुकान हाय."

"सप्टेंबरात कसलं दुकान अप्पा? सोयाबीन यायला दसरा उजाडतोय."

"पूजेची तकलीफ व्हती."

"आईला झाली का? इथं सगळं हाय, विभूती सुद्धा आणून ठेवलीय."

"खाणं..."

"अप्पा, खरं सांगा ना. काय झालंय?"

खरं सांगता येत नव्हतं. नियम होता. आणि नियम नसता तरी कुठल्या शब्दात सांगायचं होतं? त्यांनी आणखी एक कारण शोधलं. आठवडाभर जायचं की नाही याचा काथ्याकूट केला होता, न जाण्याच्या बाजूला इतकं काय काय टाकलं होतं, पण आता हात घातला तर तिथे काही नव्हतं. मुलगी वाट बघत होती. तिचे डोळे आईसारखे बारीक झाले होते.

"अगं, त्यांच्या गुडघ्याचं सांगत न्हाईत ते तुला," मागून शांतम्मा म्हणाली. ती चहाचा कप घेऊन आली होती. फोनमध्ये वाकून बघत ती बोलत गेली. "जिना चढताना धरून चढायलेत. तुझ्या घराला चार मजले, लिफ्ट न्हाई. बाहेर पडलं की चढच चढ. ते तिथं येऊन घरात बसून ऱ्हातील आन तुमाला बी अडकवतील. पुढच्या साली बघू, डॉक्टरला दाखवून."

"असं हाय का? अप्पा, आधी सांगायचं न्हाई का," अनुपमा म्हणाली. तिला लगेच पटलं. शिवकांतलाही मागून पटलं. तो गुडघ्याच्या कुठल्या तरी पट्ट्याचं नाव सांगू लागला.

शांतम्मानं कप त्यांच्या हातात दिला आणि नातवाशी बोलू लागली. बोलता बोलता तिचा उजवा हात वर गेला.

कारण चांगलं होतं. मजले होते, चढ होता, डॉक्टर होता, पुढचं साल होतं. इतकं बांधेसूद कारण ऐनवेळी कुणाला सुचत नाही, हे गुरुसिद्धप्पांना धंद्यातून माहीत होतं. ते कधीपासून तयार होतं, याचा अंदाज ते बांधत राहिले. आजपासून? अनुपमाचा पहिला फोन आला, ती गप्प बसून त्यांच्याकडे बघत होती, तेव्हापासून?

चहा गरम होता. त्यांनी गुडघा एकदा वाकवून बघितला, एकदा सरळ केला. तो दुखत नव्हता.